अंड्यांची टाकी आणि पिल्लांची टाकी: एंजेल माशांच्या एका जोडीचं प्रकरण

एंजेलच्या एका जोडीने माझ्याकडे अकरा आठवड्यांत चार वेळा अंडी घातली. पहिल्या तीन खेपांना एकही पिल्लू जगलं नाही. चौथ्या खेपेची ८३ पिल्लं सहा आठवड्यांची झाली आणि त्यांना मी मोजून मोठ्या टाकीत सोडलं. जोडी तीच होती, काचेच्या टाक्याही त्याच होत्या. मग बदललं काय, ते इथे क्रमाने मांडतो. प्रत्येक खेपेच्या नोंदी वहीत ठेवल्या होत्या, म्हणून आकडे देता येतात.

आधी जोडीबद्दल. एंजेल मासे नर की मादी हे वरून ओळखता येत नाही. कपाळाचा उंचवटा, परांची लांबी वगैरे खुणा सांगतात, पण मी त्यांच्यावर विसंबत नाही. खात्रीची खूण दिसते ती अंडी घालायच्या दोन-तीन दिवस आधीच. पोटाखाली एक बारीक नळी बाहेर येते, नराची निमुळती आणि टोकदार, मादीची रुंद आणि बोथट. म्हणून सहा लहान एंजेल एकत्र वाढवायचे आणि त्यांनाच आपली जोडी जमवू द्यायची, ही जुनी पद्धत मी धरली. साधारण नऊ महिन्यांचे झाल्यावर दोघांनी टाकीचा एक कोपरा अडवला आणि बाकीच्या चौघांना तिथे फिरकू देईनात. जोडी ठरली ती अशी.

त्यांच्यासाठी ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी टाकी मांडली. ४० सेंटिमीटरपर्यंत भरली की तिच्यात १०८ लिटर पाणी मावतं. नुसत्या पाण्याचंच वजन १०८ किलो, म्हणून खाली भक्कम लोखंडी स्टँड आणि काचेखाली थर्माकोल. एंजेलला लांबीपेक्षा उंची महत्त्वाची, कारण पूर्ण वाढलेल्या माशाचे वरचे-खालचे पर धरले तर तो अंगाने लांब कमी आणि उभा जास्त असतो. तळाला वाळू नाही, खडे नाहीत. पुष्कळांना अशी उघडी टाकी ओकीबोकी वाटते. पण प्रजननाच्या टाकीत उरलेलं खाणं आणि विष्ठा डोळ्यांना दिसलीच पाहिजे, आणि वाळूत ती लपते. मागची आणि एका बाजूची काच गडद कागदाने झाकली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांनी मासे बिचकत नाहीत. एक स्पंज फिल्टर (हवेच्या बुडबुड्यांवर चालणारी स्पंजची गाळणी), १०० वॅटचा हीटर, तापमान २८ अंश. पीएच ७.२. टाकी सायकल व्हायला, म्हणजे घाणीतला विषारी अमोनिया आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जीवाणू वाढायला, पाच आठवडे दिले. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, नायट्रेट दिसू लागलं, तेव्हाच जोडी सोडली. इथवर घाई केली नव्हती. ती पुढे केली, आणि भलत्या ठिकाणी केली.

पहिली खेप

जोडी या टाकीत सोडल्यावर सोळाव्या दिवशी अंडी घातली ती हीटरच्या काचेवर. त्यांना उभी, गुळगुळीत जागा हवी असते. निसर्गात रुंद पान किंवा पाण्यात उभं असलेलं लाकूड. माझ्या टाकीत तसं होतं काय? हीटर आणि फिल्टरची नळी. दुसरी जागा मी ठेवलीच नव्हती. हीटरच्या तापणाऱ्या भागावरची अंडी दुसऱ्या दिवशी सकाळी खडूसारखी पांढरी झाली होती. उरलेली रात्रीतून नाहीशी झाली. आईबापांनीच खाल्ली.

नवी जोडी पहिल्या एक-दोन खेपा खाऊन टाकते, त्यात वावगं काही नाही. तरी खोलीतले दिवे मी पूर्ण मालवले, ही चूक माझीच. अंडी राखणारी जोडी रात्रीही पहारा देते, पर हलवून अंड्यांना पाण्याचा वारा घालते. मिट्ट काळोखात तिला अंडीही दिसत नाहीत आणि जवळ कोण येतंय तेही कळत नाही. त्या दिवसापासून टाकीपासून हातभर अंतरावर एक मंद दिवा रात्रभर चालू ठेवू लागलो.

दुसरी खेप

हीटर आडवा करून तळाजवळ मागच्या काचेला लावला. समोर काळ्या पाटीच्या दगडाची एक फरशी काचेला किंचित तिरपी टेकवून ठेवली. तेराव्या दिवशी दोघांनी ती फरशी तोंडाने टोचून-टोचून साफ करायला घेतली. दीड दिवस ते काम चाललं. मग दुपारी मादी खालून वर हळूहळू सरकत अंड्यांची ओळ लावत गेली, आणि तिची पाठ फिरली की नर त्याच ओळीवरून फिरायचा. तास-सव्वा तास हे चाललं. अंदाजे २०० अंडी. साधारण मोहरीच्या दाण्याएवढी, मधासारख्या रंगाची आणि आरपार दिसणारी.

यावेळी ती आईबापांच्या तोंडी द्यायची नाहीत असं ठरवलं होतं. पिल्लांसाठी ४५ बाय ३० बाय ३० ची टाकी तयार होती, पाणी साधारण ३४ लिटर. त्याच सकाळी ती नळाच्या पाण्याने भरली होती, क्लोरिन काढून, आणि मिथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारं निळं औषध घातलं होतं. फरशी उचलली, हवेतून नेली आणि त्या टाकीत ठेवली.

चोवीस तासांत बहुतेक अंडी पांढरी पडली.

पहिला संशय आला तो जोडीवर. दोन माद्याही जोडी जमवतात, जागा साफ करतात, दोघी अंडी घालतात, राखणही करतात, आणि सगळी अंडी पांढरी पडतात. मी जवळजवळ जोडी मोडायला निघालो होतो. पण छत्तीस तासांनी भिंग आणि टॉर्च घेऊन फरशी पाहिली तेव्हा पांढऱ्या अंड्यांच्या मधे वीसेक अंडी अजून आरपार दिसत होती, आणि त्यांच्या आत गडद ठिपके पडले होते. गर्भ धरला होता. एका जरी अंड्यात गर्भ दिसला तरी नर हा नरच आहे, हा प्रश्न तिथेच मिटतो. म्हणून सांगतो, अंडी पांढरी पडलेली दिसली की फरशी लगेच धुवायला नेऊ नका. आधी भिंगातून बघा. फलन झालंच नाही, की झालेलं नंतर बिघडलं, या दोन गोष्टींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

बिघडलं कुठे ते मोजल्यावर कळलं. जोडीच्या टाकीत २८ अंश आणि पीएच ७.२. पिल्लांच्या टाकीत २५ अंश आणि पीएच ८. तासाभरापूर्वी घातलेल्या अंड्यांना मी एका पाण्यातून भलत्याच पाण्यात फेकलं होतं, आणि तेही हवेतून नेऊन. पांढऱ्या अंड्यांवर मग बुरशीचे कापसासारखे तंतू आले आणि ते शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरले. मी पांढरी अंडी वेचून काढली नव्हती. चौथ्या दिवशी फरशीवर एकही अंडं जिवंत राहिलं नाही.

तिसरी खेप

आणखी चौदा दिवसांनी परत अंडी. आता पिल्लांची टाकी जोडीच्याच टाकीतल्या पाण्याने भरली, तापमान २८ ला आणून ठेवलं. फरशी पाण्याखालीच एका डब्यात सरकवली आणि डबा तसाच बुडवून नेला, अंड्यांना हवा लागू दिली नाही. एअर स्टोन फरशीच्या शेजारी असा ठेवला की बुडबुडे अंड्यांवर थेट आदळत नाहीत, पण पाणी त्यांच्यावरून सतत सरकत राहतं. आईबाप परांनी जे काम करतात ते इथे हवेने करायचं. मिथिलीन ब्लू बाटलीवरच्या मात्रेने. दिवसातून दोनदा ड्रॉपरच्या टोकाने पांढरी अंडी अलगद काढली.

साठाव्या तासाच्या सुमाराला अंडी फुटली. हे दृश्य कितीही वेळा बघितलं तरी मला पुरत नाही. पिल्लू डोक्याशी असलेल्या चिकट धाग्याने फरशीला लटकतं, शेपटी सारखी थरथरत असते, आणि शंभरेक शेपट्या एकदम हलताना दगडच वळवळतोय असं वाटतं. पोटाला बलकाची पिशवी असते आणि पुढचे चार-पाच दिवस पिल्लं तिच्यावरच जगतात. तोवर त्यांना तोंडाने काही द्यायचं नाही.

सातव्या दिवशी ती सुटून पोहू लागली. १२० च्या आसपास. मी आर्टेमिया, म्हणजे कोळंबीच्या जातीचा अगदी बारीक जीव, त्याची अंडी आदल्या दिवशीच उबायला लावून ठेवली होती: एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, २८ अंश, जोरात हवा आणि वरून दिवा. चोवीस तासांत अंडी उबतात. हवा बंद केली की रिकामी टरफलं वर तरंगतात, न उबलेली अंडी तळाला बसतात, आणि नारिंगी जीव उजेडाच्या बाजूला गोळा होतात. तिथून ते नळीने ओढायचे, बारीक कापडात गाळून गोड्या पाण्याने धुवायचे आणि द्यायचे. एंजेलचं पिल्लू पहिल्याच दिवशी हे खाऊ शकतं. दहा मिनिटांत पोटं नारिंगी झालेली काचेतून दिसतात.

पोटं भरत होती, पिल्लं पोहत होती. पोहायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तळाला ४० मेलेली होती. उरलेली पाण्याच्या वरच्या थराला जमून भरभर श्वास घेत होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी टाकी रिकामी होती.

अमोनिया मोजला तो २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन). पीएच ७.८.

या खेपेवर मी सगळ्यात जास्त दिवस विचार केला, कारण बाहेरून पाहिलं तर सगळं बरोबर केलं होतं. पाणी स्वच्छ होतं, अंडी नीट फुटली होती, पिल्लं धडधाकट होती, खाणंही ताजं होतं. त्या टाकीत मी नवाकोरा, उकळत्या पाण्याने धुतलेला स्पंज लावला होता आणि तो पहिल्या दिवसापासून चालू होता. जंतू नकोत म्हणून. मिथिलीन ब्लूही त्याचसाठी घातलं होतं. पण ते बुरशीला रोखतं तसं अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंनाही बसू देत नाही. माझा स्पंज सात दिवस फिरत होता आणि त्याच्यावर कामाचं काहीच नव्हतं. नुसता बुडबुडे सोडत होता.

अंडी होती तोवर याने काही बिघडलं नाही. अंडी खात नाहीत, घाण जवळजवळ करत नाहीत. पहिला घास पडला त्या क्षणापासून त्या टाकीची गरज उलटी झाली. अंड्यांना शक्य तितकं निर्जंतुक पाणी हवं असतं, पिल्लांना जीवाणूंनी मुरलेलं पाणी. मी एकच टाकी मांडून दोन्ही कामं तिच्याकडून घेऊ पाहत होतो, आणि तीसुद्धा अंड्यांच्याच सोयीने मांडलेली.

त्यात आणखी दोन गोष्टी मिसळल्या. आर्टेमिया खाऱ्या पाण्यातला जीव. गोड्या पाण्यात तो काही तास जगतो, मग मरून तळाला बसतो आणि सडतो. पिल्लं उपाशी राहतील या धास्तीने मी प्रत्येक वेळी भरपूर घालत होतो. दुसरं, काळजीपोटी रोज पाणी बदलत होतो ते नळाच्या पाण्याने, आणि नळाच्या पाण्याचा पीएच ८. अमोनियाचा जो भाग खरोखर विषारी असतो त्याचं प्रमाण पीएचबरोबर वाढतं, पीएच एकाने चढला की जवळजवळ दहापट. तापमानाबरोबरही वाढतं. मापन पट्टीवर तोच आकडा ६.८ ला पिल्लं निभावून नेतील, ७.८ ला आणि २८ अंशाला नाही. मी पाणी बदलून अमोनिया थोडा कमी करत होतो आणि उरलेल्याला जास्त जहाल बनवत होतो.

चौथ्या खेपेची तयारी

तिसऱ्या खेपेची पिल्लं पोहायला लागली तेव्हा जोडीला विश्रांती म्हणून तिच्या टाकीचं तापमान २५ वर आणलं होतं. ते तसंच ठेवलं आणि त्यांचं खाणंही बेताचं केलं. त्याच टाकीत दुसरा स्पंज फिल्टर लावला, पहिल्याच्या शेजारी. तो पाच आठवडे तिथे चालत राहिला. नवीन स्पंज दाबला तर स्वच्छ पाणी निघतं. पाच आठवड्यांनी दाबला तेव्हा तपकिरी, मातकट पाणी निघालं आणि बोटांना बुळबुळीत लागलं. तो बुळबुळीतपणाच मला हवा होता.

मग तापमान हळूहळू २८ केलं, खाणं वाढवलं, दोन दिवसांआड थोडं ताजं पाणी दिलं. नवव्या दिवशी फरशीवर २१० अंडी.

पहिले तीन दिवस तिसऱ्या खेपेसारखेच. तेच पाणी, मिथिलीन ब्लू, एअर स्टोन, ड्रॉपर. पण फिल्टर नाही, स्पंज टाकीत ठेवलाच नाही. अंडी फुटली तेव्हा १६० वळवळणारी पिल्लं मोजली. चौथ्या दिवसापासून रोज अर्धं पाणी काढून जोडीच्या टाकीतलं तितकंच पाणी घालत गेलो. निळा रंग फिकट होत सहाव्या दिवशी संपला. त्या दिवशी दुपारी मुरलेला स्पंज जोडीच्या टाकीतून उचलला, त्याच टाकीच्या पाण्यात एकदा हलकेच दाबून घाण काढली आणि दोन मिनिटांच्या आत पिल्लांच्या टाकीत चालू केला. हा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरिनने पाच आठवड्यांची कमाई वाया जाऊ शकते. सुकूही द्यायचा नाही. हवा अगदी कमी ठेवली. लटकणाऱ्या पिल्लांना जोराचा प्रवाह सोसत नाही.

आठव्या दिवशी १४० पिल्लं पोहू लागली. दिवसातून चार वेळा आर्टेमिया, पण प्रत्येक वेळी पंधरा मिनिटांत संपेल इतकाच. पोटाचा नारिंगी फुगा दिसला की थांबायचं. संध्याकाळी एअरपंपाच्या बारीक नळीने तळ साफ करायचा, बादली पांढरी घ्यायची म्हणजे चुकून ओढलं गेलेलं पिल्लू दिसतं आणि परत सोडता येतं. साफ करताना जेवढं पाणी जाईल, रोज साधारण पाव टाकी, तेवढं जोडीच्या टाकीतून भरायचं, आणि जोडीच्या टाकीत ताजं.

पोहायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी हात कापत होते हे लपवत नाही. अमोनिया ०.२५ होता. दुसऱ्या दिवशी तेवढाच, मग शून्य. नायट्राइट कधी दिसलंच नाही. तळाला सहा मेलेली पिल्लं मिळाली.

पहिल्या पंधरवड्यात आणखी काही गेली. काहींना पोहणं जमलंच नाही, तळाला गिरक्या घेत राहिली. तीन आठवड्यांनी ३४ लिटर अपुरे पडू लागले आणि रात्री खाल्लेल्याचा हिशेब सकाळच्या मापनात दिसू लागला, म्हणून पिल्लं दोन टाक्यांत वाटली. दुसऱ्या टाकीसाठी मुरलेला स्पंज अर्थात आधीच तयार ठेवला होता. पाचव्या आठवड्यात अंगाला उंची आली, वरचा-खालचा पर लांबला आणि ती एंजेल म्हणून ओळखू येऊ लागली. सहाव्या आठवड्याच्या शेवटी ८३. त्यांतल्या चौघांना पोटाखालचे लांब पर आले नाहीत आणि दोघांचं कल्ल्यांवरचं झाकण अर्धवट राहिलं. ही सहा मी वेगळी ठेवली आहेत. त्यांच्यापासून पुढची पैदास करणार नाही.

पहिल्यांदा करणाऱ्याने २१० च्या २१० अंड्यांच्या मागे लागू नये असं मला मनापासून वाटतं. ३४ लिटरच्या टाकीत तीस पिल्लं वाढवली तर ती माझ्या ८३ पेक्षा लवकर आणि ठणठणीत वाढतील. मीही पुढच्या वेळी चाळीसच्या वर ठेवणार नाही.

जोडीच्या टाकीत आता कायम तीन स्पंज चालतात. मागच्या आठवड्यात तिथे पाचव्या खेपेची अंडी आली आणि ती मी काढली नाहीत, मंद दिवा तेवढा चालू ठेवला. काल रात्री नर फरशीवरून एकेक वळवळतं पिल्लू तोंडात उचलत होता, क्षणभर चघळल्यासारखं करत होता आणि फिल्टरच्या नळीवर नेऊन चिकटवत होता. सकाळी मोजायला गेलो तर नळीवर पन्नासच्या वर लटकत होती, आणि मादी त्यांच्यासमोर उभी राहून पर हलवत होती.